बाल्टिकच्या तळाशी

बुडालेलं जहाज म्हटलं की आपल्याला टायटॅनिक आठवतं. १९१२ साली त्यात सुमारे दीड हजार माणसं गेली. पण त्याच्या सहापट माणसं एका रात्रीत गिळणारं जहाज कोणतं, असं विचारलं तर आपण गप्प बसतो. 'विल्हेल्म गुस्टलॉफ' हे त्याचं नाव. मला ते इतिहासाच्या पुस्तकात नव्हे, तर किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या एका कादंबरीत भेटलं.

अमेरिकन लेखिका रुटा सेपेटिस यांची 'सॉल्ट टू द सी' ही कादंबरी २०१६ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला ब्रिटनचं मानाचं कार्नेगी पदक मिळालं. काळ जानेवारी १९४५चा. सोव्हिएत फौजा पूर्व प्रशियात घुसल्या आहेत. नाझी अधिकाऱ्यांनी सामान्य लोकांना वेळेवर गाव सोडू दिलं नाही. पळणं म्हणजे पराभव कबूल करणं! शेवटी ऐन थंडीत, घोडागाड्या आणि पोराबाळांसह, लोक गोठलेल्या खाडीच्या बर्फावरून बंदराकडे निघाले. वर विमानं, खाली पातळ होत जाणारा बर्फ.

या गर्दीतली चार तरुण मुलं आळीपाळीने गोष्ट सांगतात. योआना ही लिथुआनियाची परिचारिका, फ्लोरियान हा काहीतरी लपवून नेणारा प्रशियन कारागीर, एमिलिया ही पंधरा वर्षांची गरोदर पोलिश मुलगी आणि आल्फ्रेड हा हिटलरभक्त खलाशी. योआना आणि फ्लोरियान यांच्यात प्रेम फुलतं, पण गुलाबी चांदण्यातलं नव्हे. जखम धुताना, भाकरीचा तुकडा वाटून घेताना ते हळूहळू उमलतं. मला विचाराल तर, या प्रेमापेक्षा एमिलियाची एकटी धडपड अधिक चटका लावते.

जहाज मात्र लेखिकेच्या कल्पनेतलं नाही. १९३७ साली हॅम्बुर्गमध्ये ते पाण्यात सोडलं, ते जर्मन कामगारांच्या सहलींसाठी. सोय होती जेमतेम दोन हजार माणसांची. ३० जानेवारी १९४५ रोजी, आज ग्डिनिया म्हणतात त्या बंदरातून ते निघालं तेव्हा त्यावर दहा हजारांच्या आसपास माणसं होती. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं, कारण धडधाकट पुरुषांना लढायला मागे ठेवलं होतं. पोहण्याचा हौद रिकामा करून त्यात नौदलाच्या तीनशेहून अधिक तरुण सेविकांना जागा दिली होती.

त्या दिवशी हिटलरला सत्तेवर येऊन बारा वर्षं झाली होती. त्याचं भाषण रेडिओवरून जहाजभर ऐकवलं गेलं. रेडिओवरच बोलतो आहे म्हणून हा तपशील मला विसरता येत नाही. समोरून आपलीच जहाजं येत असल्याचा निरोप आला, म्हणून दिवे लावले गेले. अंधारात एस-१३ ही सोव्हिएत पाणबुडी टपून होती. रात्री सव्वानऊच्या सुमारास तिच्या तीन पाणतीरांनी जहाजाचा वेध घेतला. त्यातला एक त्या हौदापाशीच लागला. होड्या बर्फाने जागच्या जागी घट्ट बसल्या होत्या. मोठ्यांची जीवरक्षक जाकिटं घातलेली मुलं पाण्यात उलटी झाली, पाय वर आणि डोकं खाली. तासाभरात सारं संपलं. वाचले सुमारे बाराशे, गेले नऊ हजारांच्या वर.

मग हे जगाला माहीत का नाही? कारण मेलेले बहुतेक जर्मन होते. ज्यांच्या देशाने छळछावण्या उभारल्या, त्यांच्यासाठी १९४५ साली कोण रडणार? शिवाय जहाजावर पाणबुडी दलाचे नऊशेच्या वर प्रशिक्षणार्थी होते, विमानविरोधी तोफा होत्या, रुग्णनौकेची खूण नव्हती. युद्धाच्या नियमात हल्ला बसत होता. जर्मनीतही हा विषय कुजबुजीचाच राहिला. २००२ साली ग्युंटर ग्रास यांनी त्यावर कादंबरी लिहिली तेव्हा कुठे मोकळी चर्चा झाली. पाणबुडीचा कप्तान मारिनेस्को यालाही सोव्हिएत संघाचा सर्वोच्च किताब मिळाला तो मरणोत्तर, १९९० साली.

सेपेटिस यांनी या अडचणीतून वाट काढली ती पात्रांच्या निवडीतून. त्यांनी जर्मनांना निर्दोष ठरवलं नाही, आल्फ्रेड त्यासाठीच आहे. पण त्याच डेकवर त्यांनी एक पोलिश मुलगी उभी केली, जिला हिटलर आणि स्टालिन या दोघांनीही देशोधडीला लावलं होतं. एमिलियाच्या पोटातल्या बाळाला कोणत्या बाजूचं म्हणायचं?

लेखिकेचे वडील लिथुआनियाहून निर्वासित म्हणून बाहेर पडले. त्यांच्या एका चुलतबहिणीकडे याच जहाजाचा परवाना होता. काही कारणाने ती त्या दिवशी चढली नाही. पोलंडच्या किनाऱ्यासमोर ते जहाज आजही तळाशी आहे. ती युद्धसमाधी मानली जाते आणि तिथे बुडी मारायला परवानगी नाही.