छोट्या क्रेनवरचा खरा गंज

८ ऑक्टोबर १९५२ ची सकाळ. लंडनच्या वायव्येकडील हॅरो अँड वील्डस्टोन स्थानकात उभ्या असलेल्या लोकलवर पर्थहून आलेली रात्रीची एक्स्प्रेस मागून आदळली आणि काही क्षणांतच त्या ढिगाऱ्यावर विरुद्ध दिशेने येणारी तिसरी गाडी धडकली. या अपघाताने ११२ बळी घेतले. एकमेकांत घुसलेले डबे आणि इंजिने बाजूला करण्यासाठी वाफेवर चालणाऱ्या अवजड क्रेन तेथे आणाव्या लागल्या.

एरवी शेडच्या कोपऱ्यात दिवसेंदिवस उभी असणारी, पण बोलावणे येताच निघणारी ही अपघात-क्रेन म्हणजे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती जमविणाऱ्या हौशी मंडळींचे मोठे आकर्षण. भुजा, दोर, कप्प्या, दातेरी चाके, बॉयलर आणि मागेपुढे जोडलेल्या वाघिणी असा सगळा संसार हातभर लांबीत मावतो. मात्र कारखान्यातून येणारी प्रतिकृती कोरीकरकरीत आणि सर्वत्र एकाच रंगाची असते. तिच्यात बारीकसारीक भाग बसविण्याच्या कामाला ‘डिटेलिंग’ म्हणतात, तर ऊन, पाऊस आणि वापर यांच्या खुणा रंगाने उमटविण्याच्या कामाला ‘वेदरिंग’. या दुसऱ्या कामातच बहुतेकांचा हात घसरतो. घाण दाखवायची म्हणून ती सगळीकडे सारखीच फासली जाते. प्रत्यक्षात प्रत्येक डागाला कारण असते आणि ते कारण क्रेनच्या कामात दडलेले असते.

खऱ्या गाडीची ओळख

ब्रिटनमध्ये अशा क्रेन बांधणाऱ्या कंपन्यांत कार्लाइल येथील कोवन्स शेल्डन आणि इप्सविच येथील रॅन्सम्स अँड रेपियर ही दोन नावे अग्रगण्य होती. पहिली कंपनी १८४६ मध्ये, तर दुसरी १८६९ मध्ये स्थापन झाली. अवजड क्रेनचा सगळा भार थोड्या चाकांवर आला, तर पूल आणि रूळ तो सोसत नसत. यावर रॅन्सम्स अँड रेपियरचे अभियंते विल्फ्रेड स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तोडगा काढला. क्रेनच्या दोन्ही टोकांना सुटे गाडे जोडायचे, प्रवासात काही भार त्यांच्यावर टाकायचा आणि जागेवर पोहोचल्यावर ते सोडवून बाजूला करायचे, अशी ती योजना होती. या गाड्यांना ‘रिलीव्हिंग बोगी’ म्हणतात. ‘बोगी’ म्हणजे येथे प्रवासी डबा नव्हे, तर चाकांचा स्वतंत्र गाडा. हेच स्टोक्स पुढे पहिल्या महायुद्धातील ‘स्टोक्स मॉर्टर’ या उखळी तोफेमुळे प्रसिद्धीस आले.

क्रेन कधीच एकटी निघत नसे. प्रवासात खाली झुकविलेली तिची लांब भुजा एका सपाट वाघिणीवर टेकविलेली असे. त्यामागे हत्यारांचा डबा, लाकडी ठोकळे व जॅक वाहणारी वाघीण आणि पथकातील कामगारांच्या बसण्या-जेवण्याचा डबा असे. हे डबे पुष्कळदा प्रवासी सेवेतून निवृत्त झालेले जुने डबेच असत. म्हणजे एकाच गाडीत वेगवेगळ्या वयाची आणि वेगवेगळा भूतकाळ असलेली वाहने एकत्र येत. प्रतिकृतीत हा फरक दिसला पाहिजे.

आधी छायाचित्र, मग ब्रश

हाती ब्रश घेण्यापूर्वी एक क्रेन आणि एक साल निश्चित करणे अगत्याचे असते. ब्रिटिश रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात या क्रेन काळ्या असत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना लाल रंग आला आणि १९७० च्या दशकात पिवळा. त्याच दशकात अनेक क्रेन वाफेऐवजी डिझेलवर चालविण्यात येऊ लागल्या. साहजिकच, पिवळ्या डिझेल क्रेनच्या धुराड्याभोवती कोळशाची काजळी दाखविणे चुकीचे ठरते. आज ब्रिटनमधील वारसा-रेल्वेवर जतन केलेल्या क्रेन पाहायला मिळतात. त्या भागांच्या रचनेसाठी उत्तम संदर्भ ठरतात, परंतु नव्याने रंगविलेल्या असल्याने वेदरिंगसाठी फारशा उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी त्या काळातील छायाचित्रच हवे.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘डबल ओ’ मापात ४ मिलिमीटर म्हणजे १ फूट, अर्थात सुमारे १:७६ हे प्रमाण असते. या मापात प्रतिकृतीवरील १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या क्रेनवरील ३ इंचांचा डाग. एक इंच जाडीचा पोलादी दोर येथे मिलिमीटरचा एक तृतीयांश भाग उरतो. हे गणित लक्षात ठेवले, तर गंजाचे ठळक ठिपके देण्याचा मोह आपोआप आवरतो.

तपशिलांची भर

प्रथम प्रतिकृती कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने हलकेच धुऊन पूर्ण वाळवावी लागते. साच्यातील तेलकटपणा आणि बोटांचे डाग राहिले, तर रंग धरत नाही. विजेची मोटार बसविलेली असेल, तर केवळ सुटे केलेले भागच धुवावेत.

प्लॅस्टिकचे जाड कठडे काढून त्यांच्या जागी ०.४५ मिलिमीटर जाडीची पितळी तार बसविली, की क्रेनचे रूप पालटते. त्यासाठी ०.५ मिलिमीटरची छिद्रे हाताने फिरविण्याच्या छोट्या ड्रिलने पाडतात. निर्मात्याच्या नावाची पाटी, भार व अंतर यांचा तक्ता, दिव्यांचे आधार आणि पायऱ्या हे भाग पातळ पितळी पत्र्यातून कोरलेले मिळतात.

सर्वांत फसवा भाग दोराचा. साध्या सुती धाग्यावर तंतू उभे राहतात आणि पोलादी दोराऐवजी सुतळी बांधल्यासारखे दिसते. म्हणून पॉलिएस्टरचा गुळगुळीत धागा घेऊन तो मेणावरून ओढायचा आणि त्यावर ग्राफाइट चोळायचे. खरा दोर वंगणाने माखलेला असल्याने त्याचा रंग तपकिरी नव्हे, काळपट करडा असतो. आकडा हलका असेल, तर दोर सैल पडतो. त्यामुळे प्लॅस्टिकऐवजी धातूचा आकडा बरा.

क्रेन प्रवासात आहे की कामावर, हेही येथेच ठरवावे लागते. प्रवासात भुजा खाली आणि बाजूच्या आधार-तुळया आत असतात. जड ओझे उचलताना या तुळया बाहेर ओढून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे रचावे लागतात, अन्यथा क्रेन कलंडण्याचा धोका असतो. शिवाय ओझे जितके दूर, तितकी क्षमता कमी. क्रेनवर लिहिलेला ४५ टनांचा आकडा भुजा जवळ असतानाच खरा असतो. भुजा रुळांना आडवी, टोकाला अख्खे इंजिन आणि तुळया मात्र आत, असे दृश्य जाणकाराच्या नजरेत तत्काळ खटकते.

रंग आणि वॉश

नवे भाग बसविल्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंग, मग चकचकीत वार्निश, अक्षरांचे ट्रान्स्फर आणि पुन्हा संरक्षक वार्निश असा क्रम असतो. यानंतरच वेदरिंगला प्रारंभ होतो. मूळ रंग ॲक्रिलिक आणि वॉश इनॅमलचा ठेवला, तर चुकलेला वॉश व्हाइट स्पिरिटने पुसता येतो. खाली पूर्ण वाळलेला वार्निशचा थर असल्याने मूळ रंगास धक्का लागत नाही.

वॉश म्हणजे अत्यंत पातळ रंग. एक भाग रंगात सुमारे दहा भाग थिनर मिसळतात. हम्ब्रॉलच्या ३३ क्रमांकाचा मंद काळा आणि ६२ क्रमांकाचा चामड्यासारखा तपकिरी यांच्या मिश्रणातून रेल्वेला शोभणारी मळकट छटा मिळते. तो रिव्हेटांभोवती आणि खाचांत उतरू द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांनी स्पिरिटने किंचित ओलावलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली पुसून घ्यायचा. पावसाचे पाणी खालीच वाहते, त्यामुळे आडवे फराटे विसंगत दिसतात. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर निकाल पाहूनच पुढचा थर द्यावा.

क्रेन कुठे मळते?

धुराड्याच्या तोंडाशी आणि बॉयलरच्या माथ्यावर काजळी असते. बॉयलरला पाणी देणाऱ्या जोडांखाली क्षारांचे पांढुरके ओघळ उमटतात. कोळशाच्या कप्प्याभोवती काळी पूड, तर राखपेटीखाली करडी राख साचते. दातेरी चाकांवर आणि क्रेन ज्या कड्यावर फिरते तेथे काळे, ओलसर चमकणारे ग्रीस असते. ही चमक दाखविण्यासाठी तेवढ्याच जागी चकचकीत वार्निशचा ठिपका पुरेसा होतो. भुजेच्या टोकाच्या कप्प्यांपाशी दोरावरचे वंगण उडालेले असते. कठडे आणि पायऱ्यांच्या कडा हातापायांनी घासून उजळलेल्या असतात. तेथे जवळजवळ कोरड्या ब्रशने धातूच्या रंगाचा हलका स्पर्श द्यावा. चाकांच्या आसपास रुळांवरची तपकिरी धूळ असते, कारण बिडाचे ब्रेक घासून लोखंडाचा भुगा उडतो.

गंज मात्र अगदी थोडा. अपघात-क्रेन रात्री-अपरात्री निघण्यास सज्ज ठेवावी लागे. तिचे पथक तिला पुसून, वंगण देऊन जपत असे. मालगाडीच्या वाघिणीप्रमाणे तिच्या वाट्याला दुर्लक्ष येत नसे. त्यामुळे जुना पण निगा राखलेला रंग, सांध्यांत मळ आणि यंत्रभागांत वंगण, हेच तिचे खरे रूप.

सोबतच्या वाघिणी

भुजा टेकविण्याच्या सपाट वाघिणीची लाकडी फळी पायांनी झिजून करडी पडलेली असते. त्यासाठी फिकट करड्या व पिवळसर छटा फळीगणिक किंचित बदलून द्याव्यात. साखळ्या ठेवल्या जातात तेथे गंजाचे आणि जॅक ठेवले जातात तेथे तेलाचे डाग योग्य ठरतात. ठोकळ्यांच्या कडा चेपलेल्या, माती लागलेल्या असाव्यात.

कामगारांच्या जुन्या डब्याचे छत इंजिनांच्या धुराने मळलेले, तर दाराच्या मुठीभोवतीचा भाग हातांनी काळवंडलेला असतो. खिडक्यांच्या काचा मधोमध पुसलेल्या आणि कोपऱ्यांत धुरकट ठेवल्या, की आत माणसे बसत असल्याचा भास होतो. सुट्या गाड्यांची चाके मळकी असली, तरी भार कमी-जास्त करण्याची त्यांची यंत्रणा वंगणानेच चमकली पाहिजे. सर्व वाहनांवर शेवटी एकाच धुळीचा अगदी पातळ फवारा खालच्या भागात दिला, म्हणजे ती एकाच मार्गावरून धावलेली वाटतात.

पावडर, वार्निश आणि पावसाळा

काजळी आणि राखेसाठी रंगीत पावडर मऊ ब्रशने लावतात. चित्रकलेच्या दुकानातील कोरडे पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासूनही अशी पावडर करता येते. वार्निशचा फवारा मारला, की पावडरची छटा बरीच मावळते. म्हणून ती थोडी अधिक लावावी किंवा हात न लागणाऱ्या जागी तशीच सोडावी. पावडर दातेरी चाकांत गेली तर क्रेन फिरेनाशी होते, तर चाकांच्या धावेवर रंग राहिला तर प्रतिकृती अडखळते. ती धाव शेवटी पुसून लखलखीत करणे आवश्यक आहे. थिनर आणि फवाऱ्याचे काम खिडक्या उघड्या ठेवून, योग्य मास्क लावूनच करावे.

मुंबई-कोकणातील हौशींनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. हवेत दमटपणा फार असताना वार्निश फवारले, तर त्यावर पांढुरके सावट येते. ऐन जुलैत हे काम न काढलेलेच बरे.

महाराष्ट्राला हा छंद अपरिचित नाही. पुण्यातील कोथरूडमध्ये १९९८ पासून जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आबालवृद्धांना आकर्षित करीत आले आहे. भारतीय रेल्वेच्या अपघात मदत गाड्यांतही १४० टन क्षमतेच्या क्रेन असतात. त्यांची प्रतिकृती करणाऱ्यालाही हीच पद्धत लागू पडते. धुळीचा रंग मात्र बदलावा लागतो. कोकणात ती जांभ्याची तांबडी असेल, तर घाटमाथ्यावर काळ्या पाषाणाच्या खडीची करडी.

महागड्या प्रतिकृतीवर पहिला ब्रश ठेवताना हात थरथरणे स्वाभाविक आहे. म्हणून पहिला प्रयोग एखाद्या जुन्या, मोडक्या वाघिणीवर करावा आणि छायाचित्र सतत समोर ठेवावे. छायाचित्रात नसलेला डाग केवळ सुंदर दिसतो म्हणून देऊ नये. हॅरोसारख्या सकाळी जिच्या आकड्यावर आणि दोरावर माणसे विसंबली, त्या क्रेनचा आकडा गंजलेला आणि दातेरी चाके कोरडी दाखविणे म्हणजे तिची निगा राखणाऱ्या पथकावर अन्याय करणे होय.