चाकाला घातलेला मोजा

आपल्या मुलखात गारा पडतात, पण रस्त्यावर बर्फ साचून राहत नाही. तेव्हा मोटारीच्या चाकाला कोणी कापडी मोजा घालतात असे सांगितले, तर पुष्कळांना ती थट्टाच वाटेल. पण थंड मुलखांत ही मोठ्या कामाची वस्तू आहे. तिची कूळकथा तर फारच मजेची.

आधी बर्फ निसरडा का, ते पाहू. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५० साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले, की वितळण्याच्या बेतातल्या बर्फाच्या अंगावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो. गुळगुळीत रबर त्यावरून सरकते. कापडाचे तसे नाही. आपला गोळेवालाच पाहा ना! लादीचा तुकडा तो नुसत्या हाताने रंध्यावर धरीत नाही, फडके घेतो. हात थंडीपासून वाचतो हे खरेच, पण तुकडा निसटत नाही हेही तितकेच खरे. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करून दाखवावा, खर्च काहीच नाही.

मोटारी आल्या तेव्हा अमेरिकेतले गाडीवान चिखलात नि बर्फात चाकांना दोर गुंडाळीत, वेली गुंडाळीत. रुतलेल्या ट्रकच्या चाकाखाली आपण गोणपाट घालतो, त्यातलीच ही युक्ती. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी ती हेरली. दोराच्या जागी त्यांनी लोखंडी साखळी योजली आणि १९०४ साली तिचे पेटंट मिळवले. साखळी जगभर गेली. पण ती जड. गोठलेल्या बोटांनी चाकावर चढवायची म्हणजे शिक्षाच. मग खिळ्यांचे टायर आले. ते बर्फाला धरतात, पण उघडा रस्ता खरवडून काढतात. त्या धुळीने माणसे इतकी त्रासली, की जपानने १९९० साली खिळ्यांच्या टायरांविरुद्ध कायदाच केला.

तोडगा निघाला तो आजीबाईच्या बटव्यातून म्हणा ना! नॉर्वेत जुनी माणसे निसरड्या वाटेवर बुटांवरून लोकरी मोजे चढवीत. तीच रीत नॉर्वेकरांनी १९९० नंतरच्या दशकात चाकाला लावली आणि ‘ऑटोसॉक’ हे कापडी आवरण तयार केले. कृत्रिम धाग्यांचे ते कापड पाण्याचा थर टिपते, त्यात हिम रुतून बसते, आणि असंख्य धागे मिळून पकड देतात.

आजीबाईंचे म्हणणे खरे की नुसती समजूत? न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात २००८ च्या हिवाळ्यात संशोधकांनी ते पारखले. गोठलेल्या उतारावरून जाणाऱ्या काही पादचाऱ्यांना त्यांनी बुटांवर मोजे घालायला दिले, काहींना दिले नाहीत. कोणाला काय मिळणार, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. मोजेवाल्यांना वाट कमी निसरडी वाटली. या कामाला २०१० साली ‘इग नोबेल’ मिळाले. आधी हसू यावे आणि मग विचार करावा लागावा अशा संशोधनाला ते देतात. मला तर यात हसण्यासारखे थोडेच दिसते. म्हातारपणी बर्फावर पडून खुबा मोडला, की माणूस अंथरुणाला खिळतो.

कायद्यानेही पुढे मोज्याला मान दिला. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर २०२१ पासून हिवाळ्यात गाडीला थंडीचे टायर तरी हवेत, नाहीतर सोबत साखळ्या किंवा मोजे तरी हवेत, असा नियम झाला.

मोजा चढवणे सोपे. जी चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्यांनाच तो घालायचा. वरून अर्धा ओढायचा, गाडी हातभर पुढे घ्यायची, नि उरलेला ओढायचा. ताशी पन्नास किलोमीटरच्या वर मात्र जायचे नाही. आणि डांबर उघडे दिसले, की लगेच उतरून ओले मोजे काढून डिकीत टाकायचे. नाहीतर थोड्याच मैलांत त्यांच्या चिंध्या होतात.