खेळाची संहिता, खेळाचा प्रयोग

गेल्या वर्षी आमच्या एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एक यादी आमच्यापुढे ठेवली. नवे ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, आणखी एक हार्ड डिस्क, मायक्रोफोन. संगणकावर खेळत असताना त्या खेळाचे चित्रमुद्रण करायचे आणि त्याच वेळी ते महाजालावरून थेट प्रक्षेपितही करायचे, यासाठी आपला जुना संगणक सुधारून घेण्याचा त्याचा बेत होता. मराठीच्या अध्यापकांकडे ही यादी कशासाठी, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, मॅडम, तुम्ही दोघे संहिता आणि प्रयोग यांच्यातला फरक शिकवत होतात ना, मला वाटलं हेही त्यातलंच आहे." आधीच्या दोन वर्षांची रेकॉर्डिंग्ज कुठे आहेत, या प्रश्नावर मात्र तो सहज म्हणाला, "पुसली. डिस्कवर जागाच नव्हती."

हे 'पुसली' आमच्या मनातून जाईना. खेळ जपून ठेवण्यासाठी संगणकाचे बळ वाढवायचे आणि जुने खेळ मात्र पुसायचे, हा विरोधाभास एकट्या त्या विद्यार्थ्याचा नाही. या तंत्राचा गेल्या तीन दशकांचा इतिहासच तसा आहे, असे आम्हांस दिसून आले. त्या इतिहासाची मांडणी करण्याचा हा प्रयत्न.

आरंभ अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेच्या 'डूम' या खेळापासून करता येईल. तो डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळी नोंदवून ठेवण्याची सोय होती आणि अशा नोंदीला 'डेमो' म्हणत. या नोंदीत चित्र नसे. खेळाडूने सेकंदाच्या प्रत्येक पस्तिसाव्या भागात काय केले, म्हणजे पुढे गेला की मागे, बाजूला सरकला का, किती वळला, कोणती कळ दाबली, एवढेच चार बाइटांत लिहिले जाई. पुढे ही नोंद खेळाला वाचायला दिली की संगणक तीच खेळी आरंभापासून पुन्हा खेळून दाखवी. खेळातील 'योगायोग'सुद्धा २५६ संख्यांच्या एका ठरलेल्या कोष्टकातून येत असल्यामुळे दर वेळी तोच राक्षस त्याच क्षणी तसाच वळे.

यातली काटकसर आकड्यांवरून ध्यानात येते. एका मिनिटाच्या खेळीला ८,४०० बाइट पुरत. तेच मिनिट चित्ररूपाने, ३२० गुणिले २०० ठिपक्यांची २,१०० चित्रे म्हणून, जसेच्या तसे साठवायचे झाले असते तर १३ कोटींहून अधिक बाइट लागले असते. म्हणजे सोळा हजार पट. डेमोच्या रूपात मात्र एका फ्लॉपीवर जवळजवळ तीन तासांचा खेळ मावत असे. त्या काळच्या संगणकांना चित्रमुद्रण झेपण्याजोगे नव्हते, आणि त्या दुर्बलतेतूनच ही संहिता जन्मली.

संहिता म्हटली की वाचन आले, पाठभेद आले आणि प्रक्षेपही आलेच. खेळाची आवृत्ती बदलली की जुना डेमो भलतीकडेच भरकटे. नोंद जुन्या नियमांची आणि वाचणारा नव्या नियमांचा, त्यामुळे नायक भिंतीवर डोके आपटत राही. दुसरीकडे, ही नोंद मोकळी असल्याने तिच्यावर संस्कार करता येत. १९९६ साली 'क्वेक' हा खेळ आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या एका गटाने 'डायरी ऑफ अ कॅम्पर' हा जेमतेम दीड मिनिटांचा कथापट त्याच्या डेमोतून रचला. त्यात दृश्य खेळाडूच्या डोळ्यांतून न दिसता स्वतंत्र कॅमेऱ्यातून दिसते. खेळाच्या साधनांनी चित्रपट रचण्याची जी परंपरा पुढे 'मशिनिमा' म्हणून ओळखली गेली, तिच्या आरंभी या कृतीचे नाव घेतात. पुढच्याच वर्षी 'क्वेक डन क्विक' या उपक्रमात सगळा खेळ १९ मिनिटे ४९ सेकंदांत पार केल्याची नोंद सिद्ध झाली. हे सारे डेमोच्या रूपात हातोहात फिरले आणि ज्याच्याजवळ तो खेळ होता त्यालाच ते पाहता आले. संहितेचा वाचक तिची भाषा जाणणाराच असणार, हे ओघानेच आले.

ही मर्यादा ओलांडण्याची ओढ म्हणजे चित्रफितीचा इतिहास. १९९९ मध्ये आलेली 'फ्रॅप्स' ही प्रणाली पडद्यावर उमटणारे प्रत्येक चित्र उचलून डिस्कवर ठेवी. प्रोसेसर खेळातच गुंतलेला असल्याने चित्रांचे नीट आकुंचन करायला त्याला सवड नसे. परिणामी फायली अवाढव्य होत आणि डिस्कचा वेग अपुरा पडला की खेळच अडखळू लागे. मुद्रणासाठी वेगळी हार्ड डिस्क घ्या, हा सल्ला तेव्हापासूनचा. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि या फितींना घर मिळाले. आता पाहणाऱ्याजवळ तो खेळ असण्याची गरज उरली नाही. मात्र दृष्टिकोन एकच, कायमचा गोठलेला.

थेट प्रक्षेपणाने आणखी एक अट घातली. चित्रफीत रात्रभर आकुंचित करता येते, परंतु थेट प्रयोगाला सवड नसते. पूर्ण एचडी चित्र, सेकंदाला ६० या गतीने, जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ३७ कोटी बाइट होतात. प्रत्यक्षात प्रक्षेपणासाठी साधारण साडेसात लाख बाइटांचा, म्हणजे सहा हजार किलोबिटांचा, प्रवाह वापरला जातो. जवळपास पाचशे पट आकुंचन, तेही त्याच क्षणी. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीने ते शक्य केले, पण त्यात प्रोसेसर घामाघूम होई. म्हणून कित्येक जण एका संगणकावर खेळत आणि कॅप्चर कार्डाच्या साहाय्याने दुसऱ्यावर प्रक्षेपण सांभाळत. २०११ साली इंटेलने प्रोसेसरमध्ये आणि २०१२ साली एनव्हिडियाने ग्राफिक्स कार्डात आकुंचनासाठी स्वतंत्र भाग दिला. २०१२ मध्येच 'ओबीएस' ही मुक्त प्रणाली आली. नट आणि पडद्यामागचा सूत्रधार एकाच यंत्रात राहू लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या यादीत ग्राफिक्स कार्ड अग्रस्थानी का, याचे एक उत्तर येथे आहे. यंत्राखेरीज वाटही हवी. भारताच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान गती २५६ किलोबिट धरली होती. वरच्या प्रवाहाला तिच्या तेवीसपट गती लागते.

या प्रयोगांचे रंगमंदिर म्हणजे ट्विच. जस्टिन कान याने मार्च २००७ मध्ये टोपीला कॅमेरा लावून स्वतःचे आयुष्य प्रक्षेपित करायला आरंभ केला, त्या जस्टिन.टीव्हीतून जून २०११ मध्ये ट्विच निघाले. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते ९७ कोटी डॉलरांना विकत घेतले. पण त्याच वर्षी जस्टिन.टीव्हीने आधी साठवलेली प्रक्षेपणे काढून टाकली आणि ते बंद झाले. ट्विचनेही बहुतेकांची जुनी प्रक्षेपणे चौदा दिवसांनंतर न ठेवण्याचे ठरवले. २०२५ मध्ये तर निवडून ठेवलेल्या भागांवरही शंभर तासांची मर्यादा आली. चित्र जेवढे समृद्ध, तेवढे ते सांभाळणे खर्चिक, हा यामागचा रोकडा हिशेब.

१८८० सालच्या 'संगीत शाकुंतल'ची संहिता आपल्या हाती आहे, त्या पहिल्या प्रयोगातला आवाज नाही. यंत्रे बलवान झाली की असा प्रयोगही टिकेल, अशी आपली भाबडी समजूत होती. येथे घडले ते उलटेच. दुबळ्या यंत्राने लिहिलेली १९९४ ची नोंद योग्य आवृत्तीच्या खेळात आजही पुन्हा जिवंत होते, आणि बलवान यंत्राने हजारो प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग पंधरवड्यात नाहीसा होतो. थेट प्रयोगाचे मोल आम्ही नाकारत नाही. खेळाडूचा श्वास, त्याची बडबड, प्रेक्षकांची तत्काळ दाद यांतले काहीही त्या चार बाइटांत मावत नाही. परंतु प्रेक्षक वाढले म्हणजे स्मृतीही वाढली, असे समजण्याचे कारण नाही. कोणीतरी नकलून ठेवल्याखेरीज पोथीही उरत नाही.

विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सुचवले की यादीतली हार्ड डिस्क सर्वांत वर घ्यावी, प्रक्षेपण चालू असताना एक प्रत स्वतःजवळ मुद्रित करावी आणि तिच्यासोबत खेळाचे नाव, आवृत्ती व तारीख लिहून ठेवावी. तो हसून म्हणाला, "म्हणजे लेखनिकाची पुष्पिका." वर्गात शिकवलेले सगळेच काही वाया जात नाही, असे त्या दिवशी आम्हां दोघांना वाटले.