पुंजण्याचा विमा

५ डिसेंबर २०२३ रोजी मिचॉंग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ धडकले आणि तेलंगणाकडे सरकता सरकता निवळले. निवळले म्हणजे वारा पडला. पाणी मात्र पुढे आले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत भारी धानाची कापणी चालू होती आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, वाळत पडलेल्या कडपा भिजल्या. विळ्याने कापलेले धान मुठी-मुठीने जागच्या जागी आडवे टाकतात, ती कडपा. तिला चार-पाच दिवस खणखणीत ऊन लागते. भिजल्यावर ते मिळाले नाही तर लोंबीतच दाण्याला कोंब फुटतो, तांदूळ काळवंडतो आणि गिरणीत त्याची कणीच जास्त पडते. वैनगंगेच्या काठचे वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचे देसाईगंज, हे या सगळ्या मुलखाचे धानाचे नाके. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेची छोटी गाडी गोंदियाहून इथे आली, गिरण्या आल्या, बाजार वाढला. त्यामुळे हिवाळी पावसाने धानाचे काय केले हे शेवटी वडशाच्या वजनकाट्यावरच कळते.

वर्षाला सुमारे १३०० ते १५०० मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या या भागात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो. थंडीतला पाऊस हा पाहुणाच, आणि तो दोन वाटांनी येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरातल्या वादळांची शेपटे इथवर पोचतात. जानेवारीनंतर उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांची थंड हवा उपसागरावरून येणाऱ्या दमट वाऱ्याला भिडते आणि गारा पडतात. दोन्ही गोष्टी दर वर्षी होत नाहीत. किती विरळा, याचा उत्तम पुरावा या मुलखाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, रंगभूमीत आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते आणि तिथून थेट होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, प्रेक्षक उघड्यावर बसतात, आणि या कंपन्यांची कार्यालये आहेत वडशात. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. आभाळाचा भरवसा नसता तर वर्षाचा सगळ्यात मोठा उत्सव कोणी उघड्या आभाळाखाली मांडला नसता. मग प्रश्न असा, की ज्या संकटाची इतकी कमी धास्ती होती, त्याच्यासाठी इथल्या लोकांनी काही तजवीज केली होती का? माझे म्हणणे असे, की केली होती आणि चांगली केली होती. मात्र ती वादळासाठी म्हणून वेगळी कधीच नव्हती. ती रोजच्या कामातच मुरलेली होती, म्हणून टिकली. आणि ते काम बदलले तेव्हा कोणाच्या ध्यानात न येता गेली.

त्या तजविजीचे नाव पुंजणे. कडपा वाळल्या की त्यांचे भारे बांधायचे, बांधीतून उंचवट्यावर किंवा खळ्यावर आणायचे आणि रचायचे. खाली तणस किंवा लाकडे टाकून बूड जमिनीपासून उचललेले. भाऱ्यांच्या लोंब्या आत, बुडखे बाहेर. थरावर थर चढत जातात तशी रास वर निमुळती होते आणि शेवटी माथ्यावर तणसाचे शाकारणे. वरून पडलेले पाणी बाहेरच्या काडीवरून ओघळून जाते. चांगल्या हाताने रचलेल्या पुंजण्यात एखाद-दुसऱ्या दिवसाचा पाऊस दाण्यापर्यंत पोचत नाही. पण पुंजणे पावसाच्या भीतीने घालत नसत. मळणीला बैल आणि माणसे एकदम मिळत नव्हती, सगळ्यांचे धान एका आठवड्यात चुरणे शक्य नव्हते, म्हणून ते रचून ठेवायचे आणि पौष-माघापर्यंत सवडीने चुरायचे. पावसापासूनचे रक्षण हा त्यातला वरचा नफा. त्याला जोड होती हलक्या, मध्यम आणि भारी धानाची. उंच बांध्यांत हलके धान, ते दिवाळीच्या आधीच हाताशी येते. खोलगट, ओल धरणाऱ्या बांध्यांत भारी धान, ते नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात. ही वाटणी ओलाव्याच्या हिशेबाने झालेली, पण तिच्यामुळे गावाचे सगळे धान एकाच वेळी कडपेत पडून राहत नसे. वादळ आले तर कोणाचे तरी भिजे, सगळ्यांचे नाही.

ही व्यवस्था किती पुरी पडत होती, याचा अंदाज शेजारच्या उदाहरणावरून बांधता येतो. १८९३ ते १८९५ या वर्षांत मध्य प्रांताच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत हिवाळी पाऊस लागोपाठ अवेळी आणि जास्त झाला. गहू आणि जवस तांबेऱ्याने गेले. पाठोपाठ अवर्षण आले आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. तिथला शेतकरी दुष्काळाच्या तोंडी गेला तो आधीच खंगलेला, कारण त्याचे मुख्य पीकच हिवाळ्यात उघड्यावर उभे होते. धानपट्ट्याचा घात करणारे संकट निराळे होते: सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस दगा देणे. त्यासाठी तलाव आणि बोड्या होत्या, ज्यांना आपण आज माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतो. रब्बीत इथे लाखोळीची डाळ असे, उभ्या धानात फेकून पेरलेली, नांगरट न मागणारी. तिला थंडीतली एखादी सर उलट मानवते. गारांनी ती झोडपली गेली तरी बुडते ते बियाणे आणि आशा. मशागतीचा खर्च मुळात झालेलाच नसतो.

गारांसाठी खास नेमलेला माणूसही मराठी मुलखात होता: गारपगारी. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. मूळचे हे नाथपंथी जोगी. गेरूच्या रंगाची वस्त्रे, गळ्यात रुद्राक्ष, नागपूर आणि वऱ्हाडाकडे वस्ती. आभाळात काळ्या-तांबड्या ढगांची गर्दी दिसली की हा मारुतीच्या देवळापुढे तलवार घेऊन उभा राही. आधी विनवणी, मग धमक्या: ढग पांगव, नाहीतर जीव देतो. बोट कापून रक्त काढण्यापर्यंत हे जाई. त्याबद्दल शेतकऱ्यांनी पीक निघाल्यावर त्याला धान्य द्यायचे. ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्याआधी तिचा हिशेब पाहावा. सबंध गावाने थोडेथोडे घालून एका विरळ्या संकटासाठी भरलेला तो हप्ताच होता. पण त्या हप्त्याचा बाकी काही उपयोग नव्हता. गार पडली की गारपगारी खोटा, आणि चार वर्षे पडली नाही की त्याची गरज कुणाला? असा हक्क आटत जाणे ठरलेलेच, आणि तसा तो आटला. पुंजण्यावर मात्र कोणाचा विश्वास असण्या-नसण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ते मळणीचा एक टप्पा होते. विरळ्या संकटासाठीचा खर्च असा आटण्याचे हेच अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आधुनिक वेषात घडले. २०११ च्या फेब्रुवारीतल्या गोठवणाऱ्या वादळानंतर वीजकेंद्रे आणि वायूच्या नळ्या थंडीसाठी सज्ज करा, असे सांगितले गेले होते. दहा वर्षांतून एकदा लागणारा खर्च कोण करणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथली वीज गेली आणि सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली.

यावर दोन आक्षेप निघतील. पहिला, की हे जुन्या गावगाड्याचे कौतुक झाले. पुंजणे मालगुजाराचे मोठे आणि मजुराच्या दारात काहीच नाही, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. मजुराला संरक्षण नव्हतेच. पण मजुरी धानात मिळत होती, त्यामुळे ढग दिसताच कडपा उचलायची घाई त्यालाही होती. रोख मजुरीत हा संबंध तुटला. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. हार्वेस्टर आले, उभे धान सकाळी कापून दुपारी दाणे हातात. कडपाच नाही तर भिजेल काय? मजूर मिळत नाहीत अशा दिवसांत यंत्राचा हा उपकार नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय पुंजण्यालाही आता नवे शत्रू झाले आहेत: २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून आलेला रानटी हत्तींचा कळप उभ्या धानाइतकाच रचलेल्या धानावर तुटून पडतो. पण यंत्राने धोका मिटवला नाही, त्याची जागा बदलली. ओले दाणे घेऊन शेतकरी अंगणात, रस्त्यावर वाळवत बसतो, कारण खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. केंद्रावर गोदाम भरले की तेच धान ताडपत्रीखाली उघड्यावर. लोंबीत, काडीच्या आत असलेला दाणा आणि ढिगातला मोकळा दाणा यांत पावसाला कोणता लवकर सापडतो, हे सांगायला नको. सगळ्यांचे धान एकाच पंधरवड्यात, एकाच आवारात गोळा झाले, म्हणजे पूर्वी पाऊस एकेका बांधीत जे करी ते आता एकदम करतो.

राहिला सरकारी उपाय. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे. अवेळी पाऊस नाही, तो महाराष्ट्राने स्वतःच्या यादीत घातला. २०१६ ला आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेने काढणीनंतरच्या नुकसानीलाही संरक्षण दिले. कापून शेतात पसरलेले पीक १४ दिवसांपर्यंत, तेही गारपीट, चक्रीवादळ आणि अवकाळी पावसापासून, आणि नुकसानीची खबर ७२ तासांत दिली तर. म्हणजे कडपेला विमा मिळाला. त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये काय वगळले आहे ते पाहण्यासारखे आहे: मळणीपूर्वी भारे बांधून एका जागी रचून ठेवलेले पीक. म्हणजे पुंजणे. हा अन्याय वाटतो, पण त्यात एक कबुलीही दडलेली आहे; रचलेल्या धानाची जोखीम विमा कंपनीने रचणाऱ्याच्याच अंगावर टाकली. शेतकऱ्यासाठी व्यवहार मात्र उलटा झाला. ढग दिसल्यावर धावपळ करून धान रचणाऱ्याचा दावा जाई आणि ते बांधीत तसेच सोडणाऱ्याचा उभा राही. आणि हेही आता जुने झाले. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने काढणीनंतरच्या नुकसानीची ही तरतूद योजनेतून काढून टाकली. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरते. हा प्रयोग उभ्या पिकाचा ठरावीक तुकडा कापून, मळून, तोलून होतो. भारी धानाच्या कडपेवर डिसेंबरात पडलेले पाणी त्या तोलात कुठेच येत नाही.