रांझी व आधारताल : दोन विद्यासंस्थांची हकीकत

जबलपुरास बदली झालेल्या मराठी माणसाच्या कानी रांझीचे नाव प्रथम पडते ते कारखान्यांच्या संदर्भात. १९०४ साली या बाजूस तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना आला. यांच्या आसमंतात रांझीची वस्ती वाढली. परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते कारखान्यांविषयी नव्हे. रांझीत गोकलपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि त्याच शहरात आधारताल येथे कृषिविद्यापीठ आहे. उच्च शिक्षणाची घडी बसविण्यासाठी दूरदेशीचे तज्ज्ञ आणावेत काय, आणि आणले तर त्यांच्याकडून काय घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर या दोन संस्थांच्या इतिहासात बरेचसे सापडते.

रांझीचे महाविद्यालय ७ जुलै १९४७ रोजी सुरू झाले. स्वातंत्र्य अवघ्या पाच-सहा आठवड्यांवर आले होते आणि मध्यप्रांत व वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालत होता. प्रांतात नागपूर विद्यापीठ १९२३ पासून होते. सर हरिसिंह गौर यांनी आपली आयुष्यभराची कमाई ओतून १९४६ साली सागर विद्यापीठ उभारले. नागपुरास रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून तंत्रविद्येची संस्था १९४२ साली निघाली होती. तथापि तिचा भर रसायनतंत्रावर होता. विद्युत वा यंत्र अभियांत्रिकीची सोय प्रांतातल्या प्रांतात व्हावी, ही निकड रांझीने भागविली.

याच सुमारास दिल्लीत निराळी योजना शिजत होती. नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रसंस्था काढाव्यात, असे सुचविले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सची तंत्रसंस्था तिच्या नजरेसमोर होती. त्याप्रमाणे १९५१ साली खरगपूर, १९५८ साली सोव्हिएट साहाय्याने पवई, पुढल्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने मद्रास व अमेरिकेच्या साहाय्याने कानपूर येथील संस्था निघाल्या. रांझीच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही. असे असूनही प्रा. एस. पी. चक्रवर्ती यांनी येथे इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या तेव्हा नवख्या असलेल्या विषयाचे शिक्षण सुरू केले. देशात हा अभ्यासक्रम प्रथम चालविण्याचा मान याच महाविद्यालयाकडे जातो. परदेशी आराखडा हाती नसतानाही काळाची पावले ओळखणारा एक शिक्षक काय करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

आधारतालची कथा याच्या उलट आहे. तेथे आराखडा आधी आला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. त्या आयोगात आर्थर मॉर्गन व जॉन टिगर्ट हे दोघे अमेरिकन आणि जेम्स डफ हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते. पुढे इलिनॉय विद्यापीठाचे एच. डब्ल्यू. हॅना यांनी अशा विद्यापीठाचा आराखडाच लिहून दिला. १९६० साली पंतनगरला आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी जबलपुरास त्या धर्तीचे विद्यापीठ स्थापन झाले. इलिनॉयचे प्राध्यापक येथे येऊन राहिले. येथील अध्यापक तिकडे शिकून आले.

या आराखड्याचे मर्म थोडक्यात असे. आपल्याकडे शिकविणे महाविद्यालयाचे, संशोधन सरकारी प्रक्षेत्राचे आणि शेतकऱ्यास सांगणे कृषिखात्याचे, अशी कामे तीन दारी वाटलेली होती. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर जी विद्यापीठे उभी राहिली, त्यांनी ही तिन्ही कामे हळूहळू एका छताखाली आणली. तेच येथे व्हावे, अशी अपेक्षा होती. पहिली दोन कामे एकत्र आली. तिसरे मात्र मुख्यतः खात्याकडेच राहिले. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सरकारी कचेरीत आयुष्य काढले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. आपल्या हातचे काम दुसऱ्याकडे सुखाने सोपविणारे खाते आम्ही तरी पाहिलेले नाही! तज्ज्ञ नकाशा काढून देतो; भिंत कोठे पाडावयाची, हे घरच्यांनाच ठरवावे लागते.

योगायोग असा, की जबलपूरच्या विद्यापीठाच्या स्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबर १९६४ रोजी, डॉ. कोठारी यांच्या शिक्षण आयोगाचे काम सुरू झाले. त्यात इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, रशिया व जपान येथील तज्ज्ञ सभासद होते. पण लेखणी होती ती सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांच्या हाती. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचा हा माणूस गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारून आलेला होता. खेड्यातील शाळेची गळकी कौले ज्याने पाहिली आहेत, तोच पाच देशांच्या पंडितांचे म्हणणे आपल्या मातीला मानवेल अशा रीतीने मांडू शकतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही त्या आयोगाची शिफारस अद्यापि पुरी झालेली नाही. तो दोष तज्ज्ञांचा म्हणता येणार नाही.

मग परदेशी साहाय्यातून उरले काय? याचे उत्तर इमारतींत शोधू नये. इलिनॉयच्या मंडळींनी येथील विद्यापीठाच्या जोडीने सोयाबीनच्या सुधारित वाणांचे प्रयोग आरंभिले. मध्यप्रदेशात काळ्या दाण्याचे सोयाबीन पूर्वीही थोडेफार होत असे. पण त्यास बाजार नव्हता. पाहुणे आपापल्या देशी परतले आणि काम येथल्या माणसांनी पुढे चालविले. या विद्यापीठाच्या सीहोर येथील केंद्रात निपजलेले ‘जे. एस. ३३५’ हे वाण १९९४ साली प्रसारित झाले. ‘जे. एस.’ म्हणजे ‘जवाहर सोयाबीन’. ते मध्यप्रदेशापुरते राहिले नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने ते पेरले आणि वर्षानुवर्षे पेरीत राहिला. १९५६ साली जी सीमा आखली गेली, ती या बियाण्याने कधी मानली नाही.

पुढे आधारतालच्या विद्यापीठातून १९८७ साली रायपूरचे, २००८ साली ग्वाल्हेरचे आणि २००९ साली जबलपुरातच पशुवैद्यकाचे विद्यापीठ वेगळे झाले. रांझीचे महाविद्यालयही जबलपूर विद्यापीठाकडून भोपाळच्या तंत्रविद्यापीठाकडे गेले. छत्रे बदलली, शिकविणे थांबले नाही.

तज्ज्ञ हाही अखेर बदलीवरचा माणूस. दोन वर्षे, चार वर्षे राहतो, अहवाल देतो आणि निघून जातो. त्याच्या कामाची पारख तो असताना होत नाही. त्याची खुर्ची रिकामी झाल्यावर होते. रांझीस बाहेरचा आराखडा मिळाला नाही, तरी तेथे विद्या रुजली. आधारतालास तो मिळाला, पण फळ धरले ते मागे राहिलेल्यांच्या कष्टाने. मागे राहणारा माणूस तयार करणे, हेच विद्यापीठ उभारणीचे खरे काम होय. परमुलखी नोकरी करणाऱ्या आम्हां सर्वांनाही आपल्या कामास हीच कसोटी लावून पाहण्यास हरकत नसावी.