बोर्डात काच दोनदा आली

भंगारातला हिरवा सर्किट बोर्ड करवतीने कापून पाहा. कडेला पांढरे तंतू दिसतात आणि बोटं दिवसभर खाजत राहतात. ती काच. काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड इपॉक्सीत भिजवून, थरावर थर ठेवून, गरम दाबात घट्ट केलं की एफआर-४ बोर्ड होतो. ही काच फक्त बळकटीची.

उजेड वाहणारी काच वेगळ्या घराण्यातली. १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेलं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने लांब पल्ल्याला पुरेल इतका निर्मळ तंतू ओढला. हे सगळं कोसांचं. वीतभर बोर्डावर प्रकाश कशाला? तर वेग वाढला की तांब्यातला सिग्नल वाटेतच झिजतो. चिपांमधलं दळणवळण प्रकाशावर सोपवावं, हे सविस्तर मांडणारा लेख १९८४ मध्ये आला. जोसेफ गुडमन यांच्यासह चार लेखकांत एक आडनाव मराठी, आठले.

तंतू बोर्डात शिरला तो तारेच्या वाटेने. चिकट थरावर यंत्राने आवरणाची तार अंथरायची आणि वरून थर दाबायचा, ही मल्टीवायर पद्धत अमेरिकेत आधीच होती. तारेच्या जागी १२५ मायक्रॉनचा तंतू आला आणि खोड्या सुरू झाल्या. तार काटकोनात वळते. तंतू तसा वळवला तर उजेड गळतो किंवा तंतूच मोडतो. बोर्ड १८० अंश सेल्सिअसच्या आसपास दाबतात, तिथे तंतूचं नेहमीचं अ‍ॅक्रिलेट आवरण टिकत नाही, पॉलिइमाइडचं लागतं. पण खरा घात केला ड्रिलने. तांब्याच्या पट्टीत भोक पाडून आतून मुलामा दिला की वरच्या थराशी जोड मिळतो. काचेला भोक पडलं की ती मेली. उजेड वर वळवायला तिच्या टोकाशी ४५ अंशांचा आरसा हवा, तोही काही मायक्रॉनच्या आत नेमका.

म्हणून बऱ्याच प्रयोगशाळांनी तंतू सोडून पारदर्शक पॉलिमरच्या वाटाच थरात कोरल्या. बर्लिनच्या फ्राउनहोफर संशोधन संस्थेत पातळ काचेचा अख्खा थर घातला. मला हे चतुर वाटतं, पण स्वस्त ड्रिलपुढे ते चालेना.

गंमत म्हणजे कापडातली जुनी काचही आता छळते. पट्टी धाग्यावरून गेली तर सिग्नल किंचित मंद, नुसत्या इपॉक्सीवरून गेली तर किंचित जलद; जोडीने धावणाऱ्या दोन पट्ट्यांतले सिग्नल मागेपुढे होतात. म्हणून डिझायनर पट्ट्या कापडाला थोड्या तिरक्या ओढतात.

आज डेटा सेंटरांत प्रकाश चिपेच्या कुशीपर्यंत येऊ लागलाय, पण तंतू बोर्डाच्या वरून जातात. आत आहे ती बहुतेक ठिकाणी अजून कापडाचीच काच.