म्हादेई, दोंदे आणि एडी

आमच्या पुणतांब्यात पाणी म्हणजे गंगा. नकाशावर गोदावरी लिहिलेलं असतं, पण गावात कुणी तसं म्हणत नाही. गंगेवर जाऊन येतो, गंगेला पाणी आलंय, एवढंच. पावसाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं की माणसं घाटाच्या पायऱ्या मोजत उभी राहतात, कितवी बुडाली ते बघायला. आमचं पाण्याचं भय आणि पाण्याची हौस, दोन्ही त्या पायऱ्यांवर संपतात. समुद्र ही सह्याद्री उतरून शाळेच्या सहलीत बघायची गोष्ट.

त्यामुळे मी समुद्रावर लिहितोय म्हटल्यावर भावकीतली मंडळी हसणार हे गृहीत धरलंय. हसा. पण गेले काही दिवस एक हवाईयन माणूस डोक्यातून जात नाहीये, आणि त्याच्यापायी मी आपल्याकडच्या एका माणसापर्यंत पोचलो, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हवाईयन माणसाचं नाव एडी आइकाऊ. जन्म १९४६, माउई बेटावर. पुढे कुटुंब ओआहू बेटावर आलं. शाळा अर्धवट सोडून हा अननसाच्या कारखान्यात कामाला लागला आणि उरलेला सगळा वेळ लाटांवर. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर वायमीआ नावाचा उपसागर आहे. हिवाळ्यात तिथे तीन-चार मजली घराएवढ्या लाटा येतात. १९६८ साली एडी त्या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून नोकरीला लागला. त्याने शेकडो माणसं पाण्यातून ओढून काढली आणि त्याच्या पहाऱ्यात वायमीआत एकही माणूस बुडालं नाही, असं तिथले लोक आजही अभिमानाने सांगतात. बाकीचे लाट बघून मागे फिरायचे तेव्हा हा फळी घेऊन आत शिरायचा, कधी मजेसाठी, कधी कुणाला तरी आणायला.

या लाटा एवढ्या मोठ्या का होतात, हे मला आधी नीट कळलं नव्हतं. लाट वाऱ्याची असते. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि मोकळ्या पाण्यावरून किती लांब वाहिला, या तीन गोष्टींवर तिचा आकार ठरतो. विहिरीत लाट होत नाही, तळ्यात थोडी होते. उत्तर पॅसिफिकमध्ये हिवाळी वादळ उठलं की तिथली लाट हजारो किलोमीटर कुठेही न अडता हवाईपर्यंत येते. तिथे समुद्राचा तळ एकदम वर चढतो, आणि लाट उभी राहून कोसळते.

१९७८ मध्ये एडी होकुलेआ नावाच्या जोडनावेवर खलाशी म्हणून गेला. जुन्या पॉलिनेशियन लोकांनी होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवर महासागर ओलांडले होते हे दाखवण्यासाठी ही नाव बांधली होती. १९७६ साली ती ताहितीपर्यंत जाऊन आली होती. हा दुसरा प्रवास. १६ मार्चला निघाली आणि त्याच रात्री वादळी पाण्यात उलटी झाली. माणसं रात्रभर तिला धरून राहिली. सकाळी एडी आपली फळी घेऊन लानाई बेटाच्या दिशेने मदत आणायला निघाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. बाकीच्यांना त्याच दिवशी तटरक्षक दलाने वाचवलं. एडीचं वय होतं ३१.

त्याच्या नावाने वायमीआत एक स्पर्धा असते. लाटा ठरलेल्या उंचीच्या आल्या तरच ती घेतात, नाहीतर नाही. त्यामुळे चाळीस वर्षांत ती मोजून दहा-अकरा वेळा झाली. २०२३ ची स्पर्धा ल्यूक शेपर्डसन नावाच्या जीवरक्षकाने जिंकली. त्या दिवशी त्याची ड्यूटी होती! मधल्या सुट्टीत लाटेवर जायचा आणि परत येऊन पहाऱ्याला उभा राहायचा. ही बातमी वाचली तेव्हा मला एडी पहिल्यांदा भेटला.

मग साहजिकच विचार आला, आपल्याकडे असं कोण?

लाटेवर फळी घेऊन उभं राहणारा मला सापडला नाही. त्याहून मोठ्या लाटांमधून एकटा गेलेला सापडला: नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. साल २०१०. नाव ऐकलंय का? मी चार-पाच जणांना विचारलं, एकाला आठवलं. क्रिकेट संघातला बारावा गडी आपल्याला पाठ असतो. असो.

२०१० हे साल मला खटकलं. अमेरिकेतला जोशुआ स्लोकम हीच प्रदक्षिणा १८९८ साली पुरी करून आला होता. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजाने १९६९ मध्ये ती कुठेही न थांबता केली, ३१२ दिवसांत. कुठेही न थांबता एकट्याने जाऊन आलेला तो जगातला पहिला माणूस. आणि त्याची होडी कुठली? मुंबईची! सुहेली नावाची ३२ फुटांची सागवानी होडी. १९६० च्या दशकात आपल्या सुतारांनी बांधलेली. म्हणजे आपल्या हातची होडी १९६९ लाच पृथ्वी फिरून आली आणि आपला माणूस एकट्याने जायला त्यानंतर ४१ वर्षं लागली. १९८५ ते ८७ मध्ये आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्सची तुकडी तृष्णा या बोटीतून जगप्रदक्षिणा करून आली होती, ते श्रेय द्यायलाच हवं. पण ती अनेकांची मोहीम. एकट्याची नव्हे.

एवढा उशीर का? समुद्र ओलांडला की जात जाते हा शास्त्राचा निषेध सगळ्यांनाच आठवतो, पण मला ते उत्तर अपुरं वाटतं. कोळ्यांना आणि आंग्र्यांच्या आरमारातल्या माणसांना त्या निषेधाने अडवलं नव्हतं. मला वाटतं, आपल्याकडे समुद्रावर पोटासाठी किंवा लढायला जायची रीत होती. उगाच, बघू जमतं का म्हणून जायची नव्हती. तसं जाणाऱ्याला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात: पण मिळणार काय?

हा प्रश्न बाजूला ठेवणारा माणूस होता व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात आयएनएस कामोर्ताचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर राहायला कुठे गेले, तर फलटणजवळ विंचुर्णीला. तुमच्या-आमच्यासारख्याच कोरड्या मुलखात! तिथे बसून हा माणूस एका भारतीयाने एकट्याने शिडावर पृथ्वी फिरून यावी हे स्वप्न बघत राहिला, आणि नौदलाच्या गळी उतरवत राहिला. नौदलाने अखेर मान्य केलं आणि स्वयंसेवक कोण म्हणून विचारणा झाली. २००६ साली दोंदे हो म्हणाले. ते पाणबुड्या अधिकारी, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणारे. पण असला प्रवास कसा करतात हे विचारायला देशात कुणी नव्हतंच.

इथे मला आमचे चांगदेव आठवतात. त्यांची समाधी आमच्या गावात गंगेकाठी आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा तेच कळेना, म्हणून कोराच कागद पाठवला अशी कथा आहे. दोंद्यांच्या हातातही सुरुवातीला कोरा कागदच असणार. त्यांनी तो घेऊन थेट नॉक्स-जॉन्स्टन यांना गाठलं आणि त्यांच्याबरोबर काही आठवडे काम करून शिकून घेतलं.

बोटही नव्हती. ती विकत आणता आली असती, पण इथेच बांधायची ठरली. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचं होड्या बांधायचं छोटं यार्ड. अशी महासागरी शिडाची बोट त्यांनी पूर्वी कधी बांधलेली नव्हती. आराखडा हॉलंडचा, हात गोव्याचे. लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर फायबरग्लास, लांबी ५६ फूट. नाव ठेवलं म्हादेई, म्हणजे मांडवीचंच मूळ नाव. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. मॉरिशसला नेऊन, तिथून एकट्याने परत आणून दोंद्यांनी स्वतःची परीक्षा घेतली आणि १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले.

या प्रदक्षिणेचे नियम कडक असतात. सुएझ किंवा पनामाच्या कालव्यातून जायचं नाही. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं कापायची, अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरलं पाहिजे आणि निघालो तिथेच परत यायचं. म्हणजे दक्षिण महासागर चुकत नाही. अंटार्क्टिकाभोवती पाण्याचं अखंड कडं आहे आणि पश्चिमेचा वारा त्यावर गोल गोल फिरत राहतो, अडवायला जमीन नाही. वर लाटेचे तीन नियम सांगितले ना, ते तिन्ही इथे एकदम लागू होतात. हॉर्न भूशिराशी तर हे सगळं पाणी दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेतून जातं. एडीला एक लाट संपली की किनारा होता. इथे एक संपली की पुढची, आठवडेच्या आठवडे. झोपायचं ते तुकड्यातुकड्यांनी, शीड फाटलं तर शिवायचं आपणच, आणि अंगावर जखम झाली तर डॉक्टरही आपणच.

ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि मग केपटाऊन, असे चार थांबे घेत दोंदे १९ मे २०१० ला मुंबईला परतले. बरोबर नऊ महिन्यांनी.

मला त्याहून आवडलेला भाग पुढचा आहे. किनाऱ्यावरून त्यांची मदत बघणारा तरुण अधिकारी होता अभिलाष टॉमी. त्याच म्हादेईतून तो नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईहून निघाला आणि कुठेही न थांबता मार्च २०१३ अखेर परत आला. मग दोंद्यांनी सहा महिला अधिकाऱ्यांना तयार केलं. वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी २०१७-१८ मध्ये तारिणी या बोटीतून पृथ्वी फिरून आल्या. तारिणीही दांडेकरांचीच. आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तारिणीतून हा फेरा पुरा केला, त्यांचा गुरू अभिलाष टॉमी. कोऱ्या कागदावर पंधरा वर्षांत एवढी अक्षरं उमटली. आवटींना यातली शेवटची बघायला मिळाली नाहीत, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले.

आता घरचा विषय. माझा भाचा नौदलात जायचं म्हणतोय आणि आई ऐकायला तयार नाही. तिचं म्हणणं एकच: पाण्याशी खेळ नको. गंगेचे पूर बघितलेली बाई आहे ती, तिला खोडून काढायची माझी प्राज्ञा नाही. आणि खोटं तरी कसं सांगू? सप्टेंबर २०१८ मध्ये याच अभिलाष टॉमीची बोट हिंदी महासागरात वादळात सापडली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला इजा झाली. तीन दिवस तो हलता न येता पडून होता, मग एका फ्रेंच जहाजाने उचललं. हे मी आईला सांगितलं. तो बरा होऊन पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला, हेही सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या आईला विचारलंस का?"

विचारलं नाहीये. एडीच्या आईलाही कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

दोंद्यांनी स्वतःच्या प्रवासावर 'द फर्स्ट इंडियन' नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलंय. ते भाच्याला पाठवलंय. आईने फोनवर एवढंच विचारलं, की त्या बोटीवर जाणाऱ्या सगळ्यांना पोहता तरी येतं ना? मी हो म्हणालो. जोशुआ स्लोकमला पोहता येत नव्हतं, हे तिला कुणी सांगू नका. ताई, तू हे वाचत असशील तर तूही नको.